पिसांची माशी : विकतची की हातची?

गरी टाकून नदीकाठी तासन् तास बसणारी माणसे आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत. गांडूळ, कोळंबी, नाही तर कणकेची गोळी, एवढ्यावर त्यांचे काम भागते. इंग्लंड-स्कॉटलंडकडे मात्र ट्राउट व सॅमन ह्या माशांसाठी एक निराळीच विद्या निपजली. गळाला खरे आमिष लावावयाचेच नाही. रेशीम, लोकर आणि पिसे बांधून त्यावर एखाद्या कीटकाचे सोंग उभे करावयाचे आणि मासा त्या सोंगाला भुलवावयाचा. ही माशी स्वतः बांधावी की दुकानातून आणावी, हा तिकडील गळवाल्यांचा जुना वाद आहे. वाद दूरदेशीचा खरा. पण त्याचा एक धागा थेट आपल्या सह्याद्रीच्या रानात येऊन पोहोचतो.

ही विद्या फार जुनी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथील नदीवर उडणारी एक माशी माशांना फार प्रिय. परंतु माणसाचा हात लागताच तिचा रंग उडे, पंख कोमेजत, आणि मग मासा तिला तोंड लावीत नसे. म्हणून त्या लोकांनी गळाभोवती लाल लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधली. पुढे १४९६ साली इंग्रजीत छापल्या गेलेल्या एका प्रबंधात अशा बारा माश्यांची कृती दिली आहे. त्या प्रबंधात गळसुद्धा सुई तापवून, वाकवून घरीच करावा असे सांगितले आहे! आज ‘मी माझी माशी स्वतः बांधतो’ असे मिशीला पीळ देऊन सांगणारा गृहस्थ गळ मात्र दुकानातूनच आणतो. तेव्हा स्वावलंबनाची रेघ प्रत्येक जण आपल्या सोयीने ओढतो, हे आधीच मान्य केलेले बरे.

घरी बांधल्याने पैसा वाचतो, असे एक कारण नेहमी पुढे केले जाते. ते मला पटत नाही. गळ घट्ट धरावयास लहानसा शेगडा हवा, बारीक टोकाची कात्री हवी, रेशीम, मेण, नाना रंगांची पिसे हवीत. आणि एकदा पिसांचा नाद लागला की घरातले एक कपाट त्यांना कायमचे द्यावे लागते. ज्याला वर्षाकाठी चार माश्या पुरतात, त्याने त्या मुकाट्याने विकत घ्याव्यात.

हाताने बांधण्याचे खरे कारण निराळे आहे. बांधावयाचे म्हटले की आधी पाहावे लागते. नदीतला दगड उलथून त्याच्या पोटाला चिकटलेला कीटक किती लांब, त्याला शेपट्या दोन की तीन, रंग हिरवट की तपकिरी, हे न्याहाळावे लागते. ट्राउटच्या आवडीचा जो कीटक, तो कित्येक महिने पाण्याखाली काढतो. मग पृष्ठभागावर येऊन कात टाकतो व मळकट पंखांनी उडतो. पुन्हा एकदा कात टाकतो, झळझळीत होतो आणि एखाद दिवसात मरून जातो. मासा त्याला ह्या प्रत्येक अवस्थेत खातो. हॅलफर्डने १८८६ साली पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांवर ग्रंथ लिहिला, आणि त्यानंतर पुष्कळांना तीच एक सभ्य रीत वाटू लागली. स्क्यूज नावाच्या वकिलाने धरलेल्या ट्राउटच्या पोटातील अन्न बशीतल्या पाण्यात कालवून तपासले आणि १९१० च्या आपल्या पुस्तकात पाण्याखालच्या माशीची बाजू मांडली. विकतची माशी घेणाऱ्याच्या हाती उत्तर येते. प्रश्न काय होता, हे त्याला ठाऊक नसते.

एवढ्यावर हातच्या माशीचा जय झाला म्हणावे, तर स्कॉटलंडची मेगन बॉइड आडवी येते. १९१५ साली जन्मलेल्या ह्या बाईने समुद्रकाठच्या एका साध्या झोपडीवजा घरात जन्मभर सॅमनसाठी माश्या बांधल्या. तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स हे तिच्या गिऱ्हाइकांपैकी. १९७१ साली तिला सरकारी पदक जाहीर झाले, तेव्हा मागे कुत्र्याकडे पाहावयास कोणी नाही म्हणून ती लंडनला गेलीच नाही. आणि गंमत अशी की ती स्वतः मासेमारी करीत नसे! पुढे त्या बारीक कामापायी म्हणा, वयामुळे म्हणा, तिची दृष्टी मंदावली. तिची माशी विकत घेणाऱ्याला आळशी कोणत्या तोंडाने म्हणावे? आज दुकानांतून मिळणाऱ्या कित्येक माश्या केनिया, श्रीलंका, थायलंड येथील कारागिरांनी बांधलेल्या असतात. मोल देताना घासाघीस करू नये, एवढेच माझे म्हणणे.

माझा खरा आक्षेप आहे तो हौसेच्या अतिरेकावर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सॅमनच्या माश्यांना देशोदेशींच्या पक्ष्यांची पिसे लागू लागली. त्यांत आपल्या पश्चिम घाटातील राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस अग्रमानाचे. त्यावर पिवळ्या मेणाचे थेंब पडावेत तसे चकचकीत ठिपके असतात. सॅमनला त्या थाटाची काही गरज होती असे दिसत नाही. थाट होता तो माणसासाठी. ह्याच थाटाच्या वेडाने २००९ च्या जूनमध्ये एका तरुण बासरीवादकाने इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांतील काही तर वॉलेस ह्या थोर निसर्गशास्त्रज्ञाने जमविलेली होती. पुष्कळ कातडी पुढे सापडली, पण अनेकांच्या पायांतील चिठ्ठ्या गेलेल्या होत्या. आणि पक्षी कोठे व केव्हा मिळाला हे सांगणारी चिठ्ठी गेली की शास्त्राला त्या कातड्याचा फारसा उपयोग उरत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने रानकोंबड्याची शिकार वर्ज्य आहे. तेव्हा ज्या मुलांना हा हस्तव्यवसाय करून पाहावासा वाटेल, त्यांनी रानाकडे न वळता घरच्या कोंबड्याची गळालेली पिसे गोळा करावीत. सोबत आईच्या विणकामातली लाल लोकर, थोडे मेण, एक बारीक गळ. मॅसिडोनियातल्या त्या कोळ्यांजवळ याहून अधिक काही नव्हते.