पाटे वाढविण्याचा खर्च

गेल्या दिवाळीनंतर रविवार पेठेतील एक तरुण सभासद आमच्या दुकानी आले, गादीवर टेकले आणि म्हणाले, "काका, पिकअपला मागचे पाटे वाढवून घ्यायचे म्हणतो. तुम्हाला किती पडले होते?" आम्ही कपाटातून जुनी वही काढून त्यांस आकडा सांगितला, नऊ हजार आठशे रुपये. ते समाधानाने उठून गेले. आमच्या मनास मात्र त्या दिवशी चैन पडले नाही. आकडा खरा होता, तरी उत्तर अर्धेच दिले गेले होते. उरलेले अर्धे उत्तर या स्मरणिकेच्या द्वारे देत आहोत. हाच बेत ज्यांच्या मनात घोळत असेल त्या इतर सभासद बंधूंनीही ते वाचावे अशी विनंती आहे.

ज्या कुटुंबीयांचा गाडीशी संबंध बसण्यापुरताच येतो, त्यांच्यासाठी दोन शब्द. पिकअपच्या मागील प्रत्येक चाकाजवळ पोलादी पाट्यांची एक कमान असते. मुख्य पाटा लांब, त्याच्या दोन्ही टोकांस डोळे, आणि त्याखाली क्रमाने आखूड होत गेलेले पाटे. मधोमध एक बोल्ट या सर्वांस एकत्र ठेवतो व यू-बोल्ट त्यांस ॲक्सलशी जखडतात. माल चढला की कमान सपाट होत जाते व रस्त्याचे धक्के सोसते. अधिक मालाने गाडी मागून बसू लागली की पाटेवाल्याकडे जाऊन दोन्ही बाजूंस दोन-दोन पाटे वाढवून घ्यावयाचे. गाडी मागून चार बोटे उंच उठते, कमान ताठ होते आणि तीस पोत्यांच्या गाडीत पन्नास पोती घातली तरी ती बसलेली दिसत नाही. परदेशांत केवळ हौसेखातर पिकअप उंच करून घेणारे लोक पुष्कळ आहेत. आपल्या पेठेत ती हौस नव्हे, भाड्याचा हिशेब आहे.

आमचा हिशेब येणेप्रमाणे होता. ऑगस्ट २०२१ मध्ये चार पाट्यांचे ५,६०० रुपये, लांब यू-बोल्टांचे १,०००, मधले बोल्ट व बुश यांचे ८०० आणि मजुरी २,४००. गाडी दीड टन मालाची, म्हणजे पन्नास किलोची तीस पोती. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळी व म्हापसा येथे माल पोचवून परत येण्यास डिझेल, चालकाचा पगार व भत्ता आणि गाडीची झीज धरून सुमारे साडेचार हजार रुपये पडत. तीस पोती नेली तर पोत्यामागे दीडशे रुपये, पन्नास नेली तर नव्वद. साठ रुपयांचा फरक म्हणजे किलोमागे एक रुपया वीस पैसे. धान्याच्या घाऊक धंद्यात एवढ्या फरकावर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते, हे सभासदांस आम्ही सांगावयास नको.

एका खेपेस तीन हजार, महिन्यास सहा खेपा. अकरा महिन्यांत १,९८,००० रुपये वाचले. त्यातून पाटेवाल्याचे ९,८०० वजा केले. मागील दोन टायर एरवी दोन वर्षे चालत, ते वर्षाच्या आतच गेले, त्यांचे १५,०००. चाकांच्या बेअरिंगचे ३,२००. गाडी मागून उंच झाल्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो व त्याचे क्रॉस लवकर झिजतात, ते बदलण्याचे ३,६००. चासीस तडा गेला, तो वेल्डिंग करून घेण्याचे ४,५००. हे सर्व जाऊनही १,६१,९०० रुपये शिल्लक होते. "पाटे वाढविल्याने शेवटी नुकसानच होते" असे सांगून आम्हास कोणाची दिशाभूल करावयाची नाही. वहीप्रमाणे फायदा होता, आणि या प्रकरणातील खरी अडचण तीच आहे.

पाटे वाढविले म्हणजे गाडीची ताकद वाढली, अशी समजूत आमचीही होती. वाढतो तो फक्त कमानीचा ताठपणा. ॲक्सल तेच, टायर तेच, चासी तीच, आणि ब्रेकही तीस पोत्यांचेच. किंबहुना ब्रेक तेवढेही राहत नाहीत, आणि ही गोष्ट आम्हास फार उशिरा कळली. आमच्या गाडीत, आणि अशा पुष्कळ गाड्यांत, मागील ॲक्सल व चासी यांच्यामध्ये एक लहानशी दांडी व झडप असते. गाडी रिकामी असली की मागील भाग उंच राहतो; तेव्हा मागील चाके एकदम जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून ती झडप मागील ब्रेकांस कमी दाब देते. माल चढून मागील भाग खाली आला की दांडी हलते व दाब वाढतो. आता आम्ही काय केले ते पाहावे. पन्नास पोती घालूनही गाडी उंचच राहील अशी व्यवस्था केली. झडपेने गाडी हलकी आहे असे समजून मागील ब्रेक आवळते घेतले आणि सगळा भार पुढील ब्रेकांवर पडला. सपाटीवर हे जाणवत नाही. घाटाच्या लांब उतारावर पुढील ब्रेक तापत जातात आणि तापले की त्यांची पकड जाते. दांडी पुन्हा जुळवून देतो असे म्हणणारे मिस्त्री भेटतील. त्याने झडप सुधारेल, परंतु ब्रेक पन्नास पोत्यांचे होणार नाहीत.

आमच्या चालकास हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याच्या पायास कळले होते. पाटे वाढविल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात तो काट्यापाशी येऊन म्हणाला, "अण्णा, ब्रेक लागतोय खरं मागनं गाडी धरत न्हाई." आम्ही त्यास जपून चालव म्हणालो. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. जुलै २०२२ मध्ये पावसात चोर्ला घाट उतरताना ब्रेक सुटले. दरीकडे न जाता त्याने गाडी डोंगराच्या बाजूस घातली. जीव वाचला, उजवा पाय मांडीत मोडला. सहा महिने तो घरी होता. पाय आखूड पडला. आता तो आमच्या काट्यावर बसून वजने लिहितो. त्याची पत्नी आम्हास एक शब्दही बोलली नाही, आणि तेच अधिक जड गेले.

विमा कंपनीचा मनुष्य पाहणीस आला. त्याने प्रथम वाकून पाटे मोजले. गाडीच्या नुकसानीचा दावा नामंजूर झाला आणि आम्हास तक्रार करण्यास तोंड नव्हते. कायदा तर स्पष्टच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ बनावटीत परस्पर फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड ठेवला आहे, आणि जादा मालासाठी वीस हजार व वरच्या प्रत्येक टनास आणखी दोन हजार. अकरा महिन्यांत आम्हास एकदाही कोणी अडविले नाही. त्यामुळे कायद्याची भीती दाखवून कोणी सुधारेल असे आम्हास वाटत नाही.

जाता जाता रस्त्याविषयी एक वाक्य. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर जड गाड्या चालवून मोठे प्रयोग झाले. त्यांत असे आढळले की ॲक्सलवरील भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी दुप्पट न होता सुमारे सोळा पट होते. घाटातील खड्ड्यांविषयी सरकारास अर्ज करावा असा ठराव आपल्या सभेत झाला, त्यावर आमचीही सही आहे.

आपल्या घरांत लहानपणी अणुव्रतांचे अतिचार पाठ करवून घेत. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध व छेद यांच्या पुढे अतिभारारोपण येते, म्हणजे आपल्या ताब्यातील जिवावर शक्तीबाहेर ओझे लादणे. हे बैलाविषयी सांगितले आहे असे आम्ही समजत आलो. आमच्या आजोबांच्या बैलगाड्या होत्या. वडील सांगत, एकदा जांबोटीच्या पुढे बैल जुवाखाली बसला तेव्हा आजोबांनी दोन पोती उतरवून एका ओळखीच्या घराच्या ओसरीवर ठेवली आणि उरलेला माल घेऊन ते पुढे गेले. पोती परतताना जशीच्या तशी मिळाली. भारवाहू जनावरांवरील ओझ्यास मर्यादा घालणारे सरकारी नियम १९६५ मध्ये आले. आजोबांस त्यांची वाट पाहावी लागली नाही, कारण बैल बसला हे डोळ्यांस दिसत होते. आम्ही पैसे देऊन जी व्यवस्था करून घेतली ती नेमकी गाडी बसलेली दिसू नये याचसाठी. गाडीत जीव नसतो, मग अतिचार कसला, असे एका स्नेह्यांनी आम्हास विचारले. गाडी चालविणाऱ्याचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. आमच्याही आला नव्हता.

मग भाडे कसे परवडावे, हा प्रश्न राहतोच, आणि तो टाळून उपदेश करणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. नऊ टन माल कायदेशीर वाहून नेणारी ट्रक भाड्याने घेतली, त्या वेळी जो घाट जड वाहनांस खुला असेल त्या घाटाने पाठविली आणि तिचे भाडे १४,४०० रुपये धरले, तर एकशे ऐंशी पोत्यांवर पोत्यामागे ऐंशी रुपये पडतात. आमच्या पन्नास पोत्यांच्या पिकअपहूनही दहा रुपये कमी. हे गणित पेठेत कोणास ठाऊक नाही असे नाही. परंतु एकट्या दुकानाचा एवढा माल एका दिवशी निघत नाही, तीन दुकानांनी मिळून ट्रक भरावी लागते, आणि तेथेच घोडे अडते. आपला माल म्हापशास कोणाकडे जातो, किती जातो, कोणत्या दिवशी जातो हे शेजारच्या दुकानास कळू नये, अशी आपणा सर्वांची इच्छा. आम्ही स्वतः याच कारणासाठी २०२० मध्ये एका सभासदांची भागीतील ट्रकची सूचना हसून टाळली होती. पुढील वर्षी पाटे वाढविले. आमच्या चालकाचा पाय व्यापारातील गुप्ततेपायी मोडला, असे आज आम्हास वाटते. आणि ती गुप्तता तरी कसली! आमची गिऱ्हाइके कोण हे पेठेतील हमालांस पाठ होते.

ज्यांस ती तरीही सांभाळावयाची असेल त्यांच्यासाठी मार्ग आहे. पोत्यांवर दुकानाचे नाव न घालता फक्त क्रमांक घालावा, प्रत्येकाची बिल्टी वेगळी व बंद पाकिटात असावी, आणि ट्रक भरण्याचे काम संघाच्या गुमास्त्याने पाहावे. वजनकाट्याची पावती घेतल्याशिवाय गाडी हलवू नये. कार्यकारिणीपुढे आम्ही ही सूचना लेखी ठेवली आहे. काही सभासदांनी मान डोलावली, काहींनी विषय पुढील सभेवर ढकलला.

ज्या तरुण सभासदांनी आम्हास खर्च विचारला होता, त्यांची गाडी आम्ही परवा पाहिली. अद्याप मूळ पाट्यांवरच आहे. आमचा माल दर मंगळवारी दुपारी निघतो, सरासरी सत्तर पोती. एकशे दहा पोत्यांची जागा रिकामी आहे.