उंबरठ्यावरचा प्रश्न : वीज-पाण्याचे कर्मचारी आणि आपले घर

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ढाळज हा शब्द परिचित असेल. मुख्य दरवाजातून आत आल्यावर लागणारी ही बैठकीची जागा. कामानिमित्त येणारा परका मनुष्य ढाळजेपर्यंत येई, तेथेच बसे, तेथेच बोले व तेथूनच परत जाई. माजघर व स्वयंपाकघर ही कुटुंबाची खाजगी जागा असे. गावात वीज आली तेव्हा मीटरही बहुधा ढाळजेच्या किंवा ओसरीच्या भिंतीवरच बसले. त्यामुळे आकडे लिहून नेणाऱ्या कर्मचाऱ्याचा आणि घरातील माणसांचा संघर्ष होण्याचे कारण नव्हते.

आज ही परिस्थिती राहिलेली नाही. नांदेड आणि लातूर शहरांतील नव्या इमारतींमध्ये सर्व मीटर तळमजल्यावर एकत्र बसविलेले असतात. तेथे राहणाऱ्या कुटुंबाच्या दारापर्यंतही कोणाला जावे लागत नाही. परंतु वस्त्यांमधील एका-दोन खोल्यांच्या घरात मीटर चुलीच्या शेजारच्या भिंतीवर असते. म्हणजे ज्याच्या घरात जागा कमी, त्याच्याच घरात परक्याचा पाय सर्वात आतपर्यंत जातो. खाजगीपणाचा हक्क सर्वांना समान आहे असे आपण म्हणतो. व्यवहारात तो घराच्या आकारमानानुसार कमी-अधिक होतो. वीज मीटर बदलण्याच्या मोहिमेमुळे हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला असल्याने त्याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वीज वितरण क्षेत्राच्या सुधारणेसाठी मोठी योजना मंजूर केली. देशभर सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसविणे हा तिचा एक प्रमुख भाग आहे. महाराष्ट्रात महावितरणने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कामे खाजगी कंपन्यांकडे सोपविली. त्यात लातूर, नांदेड व औरंगाबाद या परिमंडळांचे काम हैदराबाद येथील एका कंपनीस मिळाले. हे मीटर प्रीपेड असतील, म्हणजे आधी पैसे भरावे लागतील, असे प्रथम जाहीर झाल्याने राज्यभर ग्राहक संघटनांनी विरोध केला. जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांच्या घरी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर २०२५ मध्ये 'टीओडी मीटर' या नावाने, मात्र वापरानंतर बिल देण्याच्या पद्धतीने, मीटर बदलण्याचे काम पुढे सुरू झाले. घरी कोणी नसताना मीटर बदलले, आम्हाला काही सांगितले नाही, अशा तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून ऐकू आल्या.

येथे सामान्य नागरिकाच्या मनात साधा प्रश्न उभा राहतो. माझ्या घरात येण्याचा त्यांना अधिकार आहे का? आणि मी नाही म्हणू शकतो का?

या प्रश्नाचे उत्तर विद्युत अधिनियम, २००३ मध्ये आहे. या कायद्याने घरात प्रवेशाचे तीन वेगवेगळे प्रकार सांगितले असून ते एकमेकांत मिसळले जातात, तेथेच गोंधळ होतो. पहिला प्रकार नेहमीच्या कामाचा. कलम १६३ नुसार वीज कंपनीने अधिकृत केलेली व्यक्ती वाजवी वेळी, आणि घरात राहणाऱ्यास आपला हेतू कळवून, स्वतःच्या मालकीच्या तारा व मीटर तपासणे, दुरुस्त करणे, बदलणे किंवा वापर नोंदविणे यासाठी आत येऊ शकते. दुसरा प्रकार ग्राहकाच्या स्वतःच्या वायरिंगच्या व उपकरणांच्या तपासणीचा. त्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा विशेष आदेश आणि किमान २४ तास आधी लेखी सूचना आवश्यक आहे. तिसरा प्रकार वीजचोरीचा. कलम १३५ नुसार राज्य शासनाने अधिकार दिलेला अधिकारी, चोरी होत असल्याचे मानण्यास कारण असेल तर, दार तोडूनही झडती घेऊ शकतो.

पहिल्या प्रकारात कायदा 'कळवून' असे म्हणतो, 'परवानगी घेऊन' असे म्हणत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणून आमची लेखी संमती नव्हती एवढ्याच कारणावरून मीटर बदलणे बेकायदेशीर ठरते, असे या कलमावरून म्हणता येत नाही. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ग्राहकाने प्रवेश नाकारला तर कंपनीने काय करावे, हेही याच कलमात सांगितले आहे. लेखी सूचना द्यावी, २४ तास थांबावे, आणि तरीही नकार कायम असेल तर तो नकार असेपर्यंत वीजपुरवठा बंद ठेवावा. दार ढकलून आत शिरावे, दमदाटी करावी किंवा घरातील लहान मुलास बाजूला सारून काम उरकावे, असा अधिकार कायदा देत नाही. चोरीच्या प्रकरणातील अधिकार नेहमीच्या कामासाठी वापरता येत नाही. आणि जेथे घरात कोणी नाही तेथे 'कळविणे' ही अट कशी पूर्ण झाली, याचे उत्तर कंपनीनेच द्यावयास हवे.

पाण्याबाबतही तत्त्व हेच आहे. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात प्रवेशाच्या अधिकारावर बंधने आहेत. सूर्यास्तानंतर सहसा प्रवेश करू नये, राहत्या घरात पूर्वसूचना द्यावी, स्त्रियांना बाजूला होण्यास अवसर द्यावा, सामाजिक व धार्मिक चालीरीतींचा मान राखावा, असा त्यांचा आशय आहे. ढाळजेची जुनी रीत जणू कायद्याच्या भाषेत उतरली आहे.

लातूरकरांना पाण्याच्या मीटरचा प्रश्न नवा नाही. २००८ मध्ये शहराच्या पाणी वितरणाचे व्यवस्थापन एका खाजगी कंपनीकडे देण्यात आले, तेव्हा मीटर बसविणे व वाढीव आकार यांस नागरिकांनी तीव्र विरोध केला आणि पुढे तो प्रयोग गुंडाळावा लागला. त्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. मोजमाप नको असे म्हणणाऱ्या शहरालाच पुढे थेंब न् थेंब मोजावा लागला. यावरून मीटरला विरोध करणारे चुकले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मोजमाप आवश्यक आहे. पण लोकांचा विश्वास संपादन न करता, परक्या माणसांकरवी ते घरात आणले की आवश्यक गोष्टही अडवली जाते, हा त्यातील धडा आहे.

वीजचोरीच्या झडतीसंबंधी एक तरतूद विशेष विचार करण्याजोगी आहे. राहत्या घराची झडती सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, घरातील प्रौढ पुरुष हजर असल्याखेरीज, घेऊ नये असे कलम १३५ सांगते. हेतू चांगला आहे. परंतु घरात प्रौढ पुरुष असतोच, हे गृहीतक मराठवाड्यात टिकत नाही. मुखेड, कंधार, लोहा या तालुक्यांतील तांड्यांवरून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे वृद्ध आईवडील व शाळेत जाणारी मुले राहतात. नेमक्या याच काळात, आर्थिक वर्ष संपत आल्याने, थकबाकी वसुलीची मोहीम जोरात असते. कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. बंद दाराला चिकटविलेली किंवा वाचता न येणाऱ्या आजीच्या हाती दिलेली नोटीस कागदोपत्री पूर्ण होते. तिचा उद्देश मात्र पूर्ण होत नाही. दिवसाच्या झडतीतही केवळ एक स्त्री घरी असेल तर महिला कर्मचारी बरोबर असणे, परिसरातील दोन निःपक्षपाती साक्षीदार असणे आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळणे, याबाबत काटेकोर असले पाहिजे. शेवटच्या दोन गोष्टी तर कायद्यानेच सांगितलेल्या आहेत.

दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचाही विचार न केल्यास हे विवेचन एकांगी ठरेल. मीटरचे वाचन करणारे, नवे मीटर बसविणारे आणि वीज तोडण्यास येणारे यांपैकी अनेक जण आज कंत्राटदाराचे कामगार आहेत. नांदेडच्या मे महिन्यातील उन्हात ते दारोदार फिरतात. धोरण मुंबई-दिल्लीत ठरते, दर आयोग ठरवतो, बिल संगणक काढतो. शिव्या मात्र या तरुणाला खाव्या लागतात. वीज तोडण्यास गेलेल्या कर्मचाऱ्यांना मारहाण झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी बळाचा वापर करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार गुन्हा आहे. पण कायद्यापलीकडे, तोही कोणाचा तरी मुलगा आहे, ही जाणीव अधिक मोलाची आहे.

हा माणूस दारात आला नाही तर काय होते, याचा अनुभव आपण २०२० मध्ये घेतला. टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरीस मीटर वाचन थांबले. सरासरीवर आधारित बिले गेली आणि जूनमध्ये वाचन सुरू झाल्यावर तीन महिन्यांच्या हिशोबाची बिले हाती पडली. त्या बिलांनी राज्यभर संताप उसळला. आकडे नोंदविणारी व्यक्ती आपल्या हिताचीही राखणदार असते, हे तेव्हा कळले.

आणि आता या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे. स्मार्ट मीटर एकदा बसले की वाचनासाठी कोणी येणार नाही. पुरवठा बंद करण्यासाठीही कोणी येण्याची गरज उरणार नाही. उंबरठ्यावरचा वाद मिटला, असे वरवर वाटेल. वास्तविक तेथूनच खरा प्रश्न सुरू होतो. दारात आलेल्या माणसाला आपण ओळखपत्र विचारू शकतो, घरात आजारी माणूस आहे हे दाखवू शकतो, दोन दिवसांची मुदत मागू शकतो. दूरच्या संगणकाला हे काहीच सांगता येत नाही. शिवाय असे मीटर दिवसभरातील वापराची थोड्या थोड्या अंतराने नोंद ठेवते. घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर असतात, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. म्हणजे पाऊल आत न टाकताही घरात प्रवेश होऊ शकतो.

इतर देशांनी या प्रश्नाला तोंड दिले आहे. नेदरलँड्समध्ये २००९ साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने स्मार्ट मीटर सक्तीचे करण्यास खाजगीपणाच्या कारणावरून नकार दिला. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये, थकबाकीदारांच्या घरात दंडाधिकाऱ्याचे वॉरंट घेऊन शिरणारे कंत्राटी लोक दुर्बल कुटुंबांच्या घरीही सक्तीने प्रीपेड मीटर बसवतात, असे वृत्तपत्राने उघड केल्यावर ते काम थांबवावे लागले आणि नवी आचारसंहिता आली. तेथे कागदपत्रे कायदेशीर होती, माणुसकी नव्हती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच खरकसिंग प्रकरणात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरविल्या आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने सांगितले. याहून कितीतरी प्राचीन दाखला पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आहे : उसने देणाऱ्याने गहाण वस्तू घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर थांबावे, असा नियम तेथे घालून दिला आहे. येणे बाकी असले तरी देणेकऱ्याचा उंबरठा त्याचाच राहतो, हे तत्त्व इतके जुने आहे.

या पार्श्वभूमीवर काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. महावितरण व महानगरपालिकांनी मोहिमेचा दिवस व वेळ आधी प्रभागात व ग्रामपंचायतीत जाहीर करावी. कंत्राटी कामगाराला छायाचित्रासह ओळखपत्र द्यावे आणि त्याची खातरजमा करता येईल असा क्रमांक लोकांना द्यावा. जुन्या मीटरवरील शेवटचा आकडा ग्राहकाच्या समक्ष नोंदवून त्याची प्रत द्यावी. ऊसतोडीच्या हंगामात बंद घरांच्या बाबतीत कुटुंब परत येईपर्यंत थांबावे.

नागरिकांनीही दार आपटून बंद करू नये, तसेच न विचारता उघडूही नये. ओळखपत्र पाहावे, कामाचे कारण विचारावे, शंका असल्यास १९१२ या क्रमांकावर चौकशी करावी. 'आज रात्री वीज तोडली जाईल' अशा खोट्या संदेशांनी अनेकांना लुबाडले गेले आहे. त्यामुळे ही सावधगिरी अपमानास्पद मानण्याचे कारण नाही. तक्रार असल्यास प्रथम कंपनीकडे, नंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते. हाताने वाद घालण्यापेक्षा अर्ज लिहिणे कधीही चांगले. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या शिकलेल्या तरुणांनी तो लिहून द्यावा.

वीज आणि पाणी घराघरांत पोहोचावे म्हणून कोणाला तरी घरात यावेच लागणार. त्याने दारात थांबून विचारावे आणि आतल्याने त्याला पाणी विचारावे, एवढी रीत दोघांनी पाळली तर कायद्याचे कलम काढून दाखविण्याची वेळ क्वचितच येईल. तोपर्यंत मात्र ती कलमे आपल्याला माहीत असलेली बरी.