विमानतळ जनतेचे, आकाश मक्तेदारांचे

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या एका कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि या खंडप्राय देशाची विमानवाहतूक अक्षरशः लुळी पडली. एका राष्ट्राची वाहतूक-व्यवस्था एका खासगी कंपनीच्या वेळापत्रकाला टांगलेली आहे, हे सत्य त्या आठवड्यात उघडे पडले. वृत्तपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. परंतु बहुतेक मजकुराचे निष्कर्ष आधीच ठरलेले होते. एक, वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम घाईने लादले गेले. आणि दोन, बाजारात ‘निकोप स्पर्धा’ वाढली पाहिजे. यातील पहिला निष्कर्ष खोटा आहे आणि दुसरा निरर्थक आहे.

नियम घाईने लादले गेले नव्हते. वैमानिकांच्या संघटना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत लढल्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या जानेवारीत नियम प्रसिद्ध केले, कंपन्यांच्या दडपणाखाली ते लांबणीवर पडले आणि अखेर २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणजे तयारीला जवळजवळ पावणेदोन वर्षे मिळाली होती. मागणी तरी कोणती होती? आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास असावी आणि रात्रीच्या कामात विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर यावी, एवढीच. शेकडो माणसांचे प्राण ज्याच्या हातात आहेत त्याला पुरती झोप मिळावी, ही मागणी ‘कडक’ वाटणारे लोक गिरणीतल्या जुन्या जॉबरांच्या कुळातले असले पाहिजेत. कंपनीने पुरेसे वैमानिक नेमले नाहीत, कारण माणसे नेमली की खर्च वाढतो.

आणि सरकारने काय केले? त्याच कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. कायदा न पाळणाऱ्याच्या सोयीसाठी कायद्यालाच रजेवर पाठवले! पुढे २०२६ च्या जानेवारीत दंड झाला, तो २२ कोटी २० लाख रुपयांचा. या कंपनीचा २०२४-२५ सालचा नफा ७,२५८ कोटी रुपये होता. म्हणजे दिवसाला सुमारे २० कोटी. एका दिवसाच्या कमाईहून किंचित अधिक रकमेत हिशेब मिटला. सरकारला याहून अधिक काही करता आले नसते, असेही नाही; परंतु देशातील दर शंभर विमानप्रवाशांपैकी सुमारे ६५ जण ज्या कंपनीच्या विमानात बसतात तिला जरब बसवायला हात कचरतो. तिची विमाने बंद ठेवणे म्हणजे देश बंद ठेवणे. मक्तेदारी याहून वेगळी काय असते?

आपल्याच काही कार्यकर्त्यांना येथे प्रश्न पडेल, की हे धनिकांचे दुःख आपण का वाहावे? आपल्या गावाला एस. टी. वेळेवर येत नाही, पॅसेंजर गाड्या बंद पडल्या आहेत, आणि आपण विमानाच्या भाड्याची चर्चा करतो! आक्षेप रास्त आहे. एस. टी. आणि रेल्वे आधी, याबद्दल दुमत नाही. परंतु विमानतळाची जमीन शेतकऱ्याची असते, धावपट्टी सार्वजनिक पैशाची असते, तोट्याची भरपाई सरकारी तिजोरीतून होते, आणि कंपनी बुडाली की पगार बुडतो तो सामान चढवणाऱ्याचा, सफाईवाल्याचा, तंत्रज्ञाचा. नवी मुंबईच्या जमिनीसाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला शेतकरी उभे राहिले आणि पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. ज्या वाहतुकीचा पाया असा घातला गेला, तिचा लाभ कोणाला होतो हे विचारण्याचा अधिकार ज्याने कधी विमानात पाऊल ठेवले नाही त्यालाही आहे.

आता या ‘निकोप स्पर्धे’चा इतिहास पाहू. १९५३ साली आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स महामंडळ स्थापन झाले, ते समाजवादाच्या प्रेमापोटी नव्हे. त्यांतील बहुतेक कंपन्या डबघाईला आल्या होत्या. हे राष्ट्रीयीकरण १९९४ साली कायद्याने उलटवण्यात आले. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी अशी नावे स्पर्धेचा झेंडा घेऊन आकाशात गेली आणि ते दशक संपण्यापूर्वीच नामशेष झाली. मग २००७ हे विलीनीकरणांचे वर्ष उजाडले. जेटने १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा गिळली. किंगफिशरने एअर डेक्कनचा ताबा घेण्यास सुरुवात केली. आणि सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांची, कामकाजाची कोणतीही सांगड न घालता, गाठ मारून दिली.

या तीन व्यवहारांना आडवे येईल असा विलीनीकरणविरोधी कायदाच त्या वेळी अमलात नव्हता, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. १९६९ च्या मक्तेदारी-विरोधी कायद्यातील विलीनीकरणाला मान्यता घेण्याची कलमे १९९१ साली ‘उदारीकरणा’च्या पहिल्याच झपाट्यात काढून टाकली गेली होती. त्यांच्या जागी आणलेला स्पर्धा कायदा २००२ सालचा. परंतु त्यातील विलीनीकरणाची कलमे प्रत्यक्ष लागू झाली ती जून २०११ मध्ये. वीस वर्षे दाराला कुलूपच नव्हते. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनीच ही व्यवस्था केली होती, यात योगायोग नाही.

गिळणाऱ्यांनाही गिळलेले पचले नाही. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात बंद पडली. कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार तिच्याबरोबर बुडाले. जेट १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली आणि सुमारे २०,००० माणसे रस्त्यावर आली. पाच वर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवल्यावर २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला तिच्या अवसायनाचाच आदेश द्यावा लागला. गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात थांबली. एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे गेली; १८,००० कोटींच्या बोलीत रोख रक्कम होती २,७०० कोटी, बाकीचे कर्ज. त्यानंतर २०२४ च्या ऑक्टोबरात एअरएशियाची भारतीय कंपनी आणि नोव्हेंबरात विस्तारा त्याच समूहात विलीन झाली. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी दहातले नऊ जण दोन मालकांच्या विमानांतून प्रवास करतात. तीस वर्षांच्या स्पर्धेचे हे फलित.

परंतु दोन मालक असणे हे सुखही मुंबई-दिल्लीसारख्या मार्गांचे. लहान शहराच्या विमानतळावर बहुधा एकच विक्रेता असतो, किंवा तोही नसतो. २०१६ साली ‘उडान’ योजना जाहीर झाली. हवाई चपला घालणारा माणूस विमानात बसेल, असा गाजावाजा झाला. ठरावीक जागांसाठी तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये भाडे, तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला मज्जाव आणि तोट्याची भरपाई सरकारकडून, अशी तिची रचना. स्पर्धेचे पुजारी येथे मक्तेदारी बहाल करतात, हे गमतीचे आहे. पण ते असो. महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालाने काढलेला हिशेब असा: योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ नी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मुदतीनंतर, २०२३ च्या मार्चमध्ये, चालू राहिले होते ते अवघे ५४. शंभरात सात!

महाराष्ट्रातला अनुभव याहून निराळा नाही. जळगाव आणि नाशिकहून मुंबईला जाणारी सेवा २०१७ च्या डिसेंबरात वाजतगाजत सुरू झाली आणि काही महिन्यांत कोलमडली. नांदेड, जळगाव, कोल्हापूर येथे विमाने आणणारी ट्रुजेट २०२२ च्या फेब्रुवारीत बंद पडली. सिंधुदुर्गात परुळे-चिपीच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले, तेव्हा श्रेय घेण्यासाठी व्यासपीठावर काय रस्सीखेच झाली ती सर्वांनी पाहिली. तीन वर्षांची मुदत संपली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ती मुंबई सेवा थांबली. तेव्हा श्रेयासाठी कोणी पुढे आले नाही. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे पाच विमानतळ २००९ साली ९५ वर्षांच्या कराराने अनिल अंबानी समूहाच्या कंपनीला दिले गेले होते, आणि पुढे ते परत मिळवण्यासाठी सरकारलाच खटपट करावी लागली.

असे का घडते? प्रवासी नाहीत म्हणून, असे उत्तर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोल्हापूरहून येणारे सत्तर आसनांचे छोटे विमान मुंबईच्या धावपट्टीची जेवढी मिनिटे घेते, तेवढीच मिनिटे दिल्लीहून येणारे एकशे ऐंशी आसनांचे विमान घेते. त्या मिनिटांचा हक्क वहिवाटीने चालतो: ज्याने गेल्या हंगामात आपल्या वेळा ८० टक्के वापरल्या, त्याच्याकडे त्या पुढेही राहतात. जेट बुडाली तेव्हा तिच्या वेळा इतर कंपन्यांनी वाटून घेतल्या. म्हणून लहान गावाच्या विमानाला मुंबईत जागा मिळते ती मध्यरात्री किंवा भर दुपारी, जेव्हा ती कोणाच्याच उपयोगाची नसते. आणि मग म्हणायचे की प्रवासी नाहीत! विलीनीकरणात कंपनीबरोबर तिच्या वेळाही एका हातात जातात. खरेदीदाराचा डोळा अनेकदा विमानांपेक्षा त्यांवरच असतो.

अमेरिकेचा दाखला आमच्या अर्थपंडितांना फार प्रिय, म्हणून तोही पाहू. तेथे १९७८ साली विमान-भाडी आणि मार्ग यांवरील नियंत्रण उठवण्यात आले. तीन दशकांनंतर डेल्टा-नॉर्थवेस्ट (२००८), युनायटेड-कॉन्टिनेन्टल (२०१०), अमेरिकन-यूएस एअरवेज (२०१३) अशी विलीनीकरणे झाली आणि चार कंपन्यांनी बाजार वाटून घेतला. ज्या शहरांनी करदात्यांच्या जोरावर भव्य विमानतळ उभारले होते, त्यांची केंद्रे गेली: मेम्फिसचे २०१३ मध्ये, क्लीव्हलँडचे २०१४ मध्ये. सेंट लुईसचा अनुभव त्याही आधीचा. २००१ साली टीडब्ल्यूए अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली आणि २००३ मध्ये तेथील उड्डाणे निम्म्याहून अधिक कापली गेली. केवळ न्यायालयाने विलीनीकरण रोखूनही भागत नाही. जेटब्लू आणि स्पिरिट यांचे विलीनीकरण २०२४ च्या जानेवारीत न्यायालयाने रोखले. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पिरिट दिवाळखोरीत गेली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गेली. आणि मुक्त बाजाराच्या त्या माहेरघरीही लहान गावांच्या विमानसेवेला १९७८ पासूनच सरकारी अनुदान द्यावे लागते, ही गोष्ट आमचे पंडित सोयीस्करपणे विसरतात.

जुनी इंडियन एअरलाइन्स परत आणा, एवढे म्हणून आपली सुटका नाही. ती जनतेची असण्यापेक्षा मंत्र्यांची आणि सचिवांची अधिक होती. प्रवाशाला उद्धट उत्तर देणे हा तेथे हक्क मानला जाई, आणि दोन सरकारी कंपन्यांसाठी १११ विमानांची खरेदी कशी रेटली गेली यावर महालेखापालांनी २०११ साली कठोर ताशेरे ओढले. एअर इंडिया नोकरशाहीने पोखरली होती. म्हणूनच ती विकणाऱ्यांना सोपे गेले. सार्वजनिक मालकीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे मोकळेपणाने बोललेच पाहिजे, नाहीतर आपले म्हणणे कोणी ऐकणार नाही.

मग मागावे काय? सरकारची एक विमान-कंपनी अजून शिल्लक आहे. २०२२ च्या विक्रीतून वगळलेली अलायन्स एअर लहान विमाने चालवते. ती विकण्याची भाषा अधूनमधून होत असते. चिपीची सेवा बंद करणारी हीच कंपनी, हे खरे. कारण तिला सरकारी ठेवून खासगी कंपनीचा हिशेब लावला जातो. तिला विमाने आणि माणसे द्या, आणि लहान गावांची सेवा हे तिचे काम कायद्याने ठरवून द्या. मुंबई आणि नवी मुंबई येथील उड्डाणांच्या वेळा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांतील सकाळ-संध्याकाळचा ठरावीक वाटा राज्यातील लहान विमानतळांसाठी राखून ठेवा. मोठ्या मार्गांवर कमावणाऱ्याने दुर्गम भागांतही उडावे, हा दंडक १९९४ पासून आहे. परंतु ईशान्य, काश्मीर व बेटे सोडून उरलेल्या मार्गांसाठीचे ५० टक्क्यांचे प्रमाण २०१६ च्या धोरणाने ३५ वर आणले. ते पूर्ववत करा. आणि जेथे एकच कंपनी उडते तेथे भाड्याला कायमची मर्यादा घाला. हे अशक्य आहे असे सरकारने सांगू नये. २०२० च्या मेपासून २०२२ च्या ऑगस्टपर्यंत भाड्यांवर बंधन होते. ६ डिसेंबर २०२५ रोजी एका दिवसात ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,००० अशी मर्यादा घालता आली. कंपनी बुडाल्यास कामगारांची देणी बँकांच्या आधी फेडली जावीत, ही मागणी तर विमानांपुरती मर्यादितच नाही.

‘उडान’च्या भरपाईतील वीस टक्के वाटा राज्य सरकारचा असतो. तेव्हा विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात आपल्या मित्रपक्षांच्या आमदारांनी प्रत्येक विमानतळागणिक लेखी उत्तर मागावे: किती एकर जमीन घेतली आणि किती जणांचा मोबदला अजून अडकला आहे, आजवर भरपाईपोटी कोणत्या कंपनीला किती रुपये दिले, आणि आजच्या घडीला तेथून आठवड्याला किती विमाने, कोणाची आणि किती भाड्याने सुटतात. जिल्हा समित्यांनी तोवर स्थानिक माहिती गोळा करून ठेवावी. उत्तर येईल तेव्हा ते पडताळून पाहायला ती लागेल.