जुनी रिळं, घड्याळजी आणि ‘पंक्चर’चा टोमणा

हल्ली रील म्हटलं की समोरचा मोबाइल पुढे करतो. मी म्हणतोय ते रीळ वेगळं. मासे धरायच्या काठीला लावलेलं, हँडल फिरवून दोरी गुंडाळणारं. नागपुरात हा शौक असलेले मोजकेच. अंबाझरीच्या नाहीतर फुटाळ्याच्या काठावर मला दिसणारे बहुतेक जण बांबू, दोरी आणि गरी यांवरच भागवतात. मासेही आमच्यापेक्षा जास्त नेतात, हे सांगितलेलं बरं.

तरी जुनी विदेशी रिळं अधूनमधून भंगारात सापडतात. १९५६पर्यंत हे शहर राजधानी होतं, शेजारी कामठीची छावणी. साहेबी शौकांच्या वस्तू तेव्हाच्या बंगल्यांत राहिल्या असणार आणि घर रिकामं करताना किलोवर गेल्या असणार, असा माझा अंदाज. मला कबाड्याकडे मिळालेलं सगळ्यात चांगलं रीळ म्हणजे काळं मिचेल ३००. हँडल डाव्या हाताला, आणि ते जाम.

जाम म्हणजे बिघडलेलं, असं नसतं. आतलं ग्रीस वर्षानुवर्षं पडून मेणासारखं घट्ट होतं, एवढंच. अशा वेळी लोक जोर लावून हँडल फिरवतात आणि गिअरचे दाते मोडतात. त्यापेक्षा झाकण उघडावं, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढावा, सुटे भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये निघतील त्या क्रमानं ठेवावेत. धातूचे भाग रात्रभर रॉकेलमध्ये (मिळालं तर, नाहीतर डिझेल चालतं), सकाळी टूथब्रश. मग गिअरला थोडंसंच ग्रीस आणि फिरत्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. पॉलिश पेपर मात्र लावू नका. चकचकीत केलेलं जुनं रीळ मला खिजाब लावलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं.

माझं घोडं अडलं स्प्रिंगवर. दोरी पकडणारी जी तारेची कमान असते, तिची स्प्रिंग तुटलेली होती. नवी इथे मिळणार कुठून? मोमिनपुऱ्यातल्या एका घड्याळजींकडे गेलो. चाचांनी भिंगातून आत पाहिलं आणि म्हणाले, “बेटा, ये तो घड़ी का भाई है.” मग पोलादी तार घेऊन, हव्या त्या मापापेक्षा बारीक खिळ्यावर तिचे वेढे दिले. तार सोडली की थोडी उलगडते, म्हणून खिळा बारीक. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

चाचांचं बोलणं शब्दशः खरं निघालं. मिचेल बनवणारा कार्पानो-पोन्सचा कारखाना फ्रान्समधल्या क्लूझ गावचा. आल्प्सच्या कुशीतलं हे गाव घड्याळांच्या सुट्या भागांसाठी ओळखलं जातं. त्याही मागे जा. ज्यात चकरी स्थिर राहते आणि दोरी तिच्या तोंडावरून सुटते, अशा रिळाचं पेटंट १९०५ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतलं. इलिंगवर्थ कापड गिरणीवाले. धोट्यातली कांडी ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. कांडी जागेवर असते, सूत टोकावरून सुटत जातं. मोमिनपुरा आणि कामठीच्या विणकरांच्या घरात ही युक्ती लहान मुलांनाही ठाऊक असायची.

म्हणजे विणकराचं डोकं आणि घड्याळजीचा हात एकत्र आले तेव्हा हे यंत्र झालं. तिकडे त्याला इंजिनिअरिंग म्हणतात. इकडे तोच हात मुसलमानाचा असला की सोशल मीडियावर कोणीतरी लिहितो, “जा, पंक्चर काढ.” या टोमण्याला आपल्यातले सुशिक्षित लोक डॉक्टर, वकील, अधिकाऱ्यांची यादी देऊन उत्तर देतात. मला ते उत्तर पटत नाही. त्यात पंक्चर काढणं हलकं आहे हे आपण आधीच कबूल करून टाकतो. लग्नाच्या बोलणीत मुलगा ‘दुकान बघतो’ असं सांगतात, घड्याळं दुरुस्त करतो असं सांगत नाहीत, तेही त्याच कबुलीतून. चाचांचे दोन्ही मुलगे मोबाइल कव्हर विकतात. कमाई बरी आहे, त्यांना दोष कसा देऊ?

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची यंत्रं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हा विचार चांगलाच. पण ग्राहक स्क्रू उघडत नाही, उघडतो तो कोपऱ्यावरचा कारागीर. कंपनीनं नकाशा आणि सुटा भाग अधिकृत केंद्राइतकाच त्यालाही रास्त दरात द्यावा, असं बंधन हवं. चाचांच्या हुनरीवर सरकारी शिक्का मारायची सोयही कौशल्य योजनेत आहे, आधीच्या शिक्षणाची मान्यता या नावानं. ती मोहल्ल्यापर्यंत पोहोचवायचं काम आपल्या जमाती आणि शिक्षणसंस्था करू शकतात. फक्त परीक्षा पर्याय निवडायच्या कागदावर घेऊ नका. माझ्याकडे अजून तीन जाम रिळं पडली आहेत, ती घेऊन जा.