झुकलेली पापणी आणि बालकाची दृष्टी

बारशाला जमलेल्या नातलगांपैकी कुणाच्या तरी लक्षात येते, की बाळाची एक पापणी अर्धीच उघडते. ‘मोठे झाले की आपोआप सुधारेल,’ असा धीर वडीलधारी मंडळी देतात. मुलगी असेल तर ‘लग्नाआधी पाहू’ असेही ठरते. हेतू चांगला असतो. पण या थांबण्यात कधी कधी डोळ्याची दृष्टीच गमावली जाते.

वरची पापणी उचलणारा स्नायू जन्मतः नीट वाढलेला नसला, की हा दोष उद्भवतो. मेंदू पाहायला शिकतो तो आयुष्याच्या पहिल्या ७-८ वर्षांत, त्यातही सुरुवातीच्या काळात अधिक. तेव्हा पापणीने बाहुली झाकली, तर तो डोळा ‘आळशी’ होतो. मोठेपणी शस्त्रक्रियेने पापणी वर आली, तरी नजर सहसा परत येत नाही.

म्हणून बाहुली झाकलेली असल्यास शस्त्रक्रिया पहिल्या वर्षातही करतात. तशी नसल्यास साधारणतः ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबता येते. मात्र नजरेची नियमित तपासणी चुकवू नये. मूल हनुवटी वर करून पाहत असेल, तर विलंब नकोच.

पापणी किती उचलली जाते, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. स्नायूत पुरेशी शक्ती असल्यास तोच आखूड करतात. ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उचल असल्यास बहुधा पापणी कपाळाच्या स्नायूला पट्टीने जोडतात. ही पट्टी सिलिकॉनची किंवा बालकाच्याच मांडीतून घेतलेली असू शकते. टाक्यांना रेशमी धागा वापरला जाणार आहे का, कृत्रिम धागा चालेल का, हे अहिंसाव्रती कुटुंबांनी डॉक्टरांना आधीच निःसंकोच विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहतो. बुबुळ कोरडे पडू नये म्हणून रात्री मलम घालावे लागते. डोळा आळशी झालेला असल्यास चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी बांधण्याचा उपचारही चिकाटीने करावा लागतो. क्वचित दुसरी शस्त्रक्रियाही लागते.

दुकानाची उधारी उशिरा का होईना, वसूल होते. बालपणी बुडालेली नजर सहसा वसूल होत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय सावकाश होऊ द्या. तपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या.