चुकण्याचा हक्क

गावोगावी निवडून आलेल्या मैत्रिणींशी बोलताना मला एक वाक्य वारंवार ऐकू येतं : "काम जमेल हो ताई, पण चारचौघांत चुकलं तर?" या भीतीकडे आपण गांभीर्याने पाहिलं पाहिजे असं मला वाटतं.

७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. खुर्ची मिळाली, पण चुकत-माकत शिकण्याची मुभा मात्र मिळाली नाही. नवा पुरुष सरपंच जमाखर्च वाचताना अडखळला, तर लोक म्हणतात, "नवा आहे, शिकेल." बाई अडखळली, की "बायकांना काय कळतंय!" त्याची चूक त्याच्यापुरती, तिची चूक मात्र सगळ्या बाईजातीच्या खात्यावर.

मग ती गप्प बसणंच पसंत करते. ठराव नवरा किंवा दीर वाचतो, ती सही करते. बोलायचं नाही म्हणून सराव नाही, आणि सराव नाही म्हणून भीती आणखी वाढते. पाच वर्षं अशीच सरतात. तोवर आरक्षण फिरतं, आणि "बघा, संधी देऊनही काही केलं नाही" असं म्हणायला गाव मोकळं.

अशा बाईला नुसतं "धीट हो" म्हणून काय उपयोग? हसू होईल ही भीती तिच्या मनाने रचलेली नाही, हसणारी माणसं खरोखरच समोर बसलेली असतात.

म्हणून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती कागदोपत्री न उरकता तिथे सराव करू या. जमाखर्च मोठ्याने वाचायचा, अडलं तर विचारायचं, पुन्हा वाचायचं. एरवी माईकजवळ न येणाऱ्या बाईला तिथे पहिली पाळी द्यायची. दुसरं, ग्रामसभेत आपण दहा-बाराजणींनी पुढे बसायचं. हशा पिकला, की "ताई, पुढे वाचा" असं ठणकावून म्हणायचं.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे खरंच आहे. पण काठावर दगड घेऊन माणसं उभी असतील, तर उडी कोण मारेल? ते दगड खाली ठेवायला लावणं हे तिचं एकटीचं काम नाही, आपल्या संघटनांचं आहे.