अच्छेराचा अर्धा लिटर

यंदा कागद महागला, पाऊस रेंगाळला, काही जुने लेखकस्नेही गेले. तरी अंक वेळेवर तुमच्या हाती देत आहोत. तुम्ही वाट पाहत असणार, या भरवशावरच वर्षभर काम चालते.

सलत राहिली ती गोष्ट वेगळीच. एका कथेच्या मुद्रितात 1942 सालची आई गवळ्याकडून 'अर्धा लिटर' दूध घेत होती. हस्तलिखितात 'अच्छेर' होते. वाचकाला कळणार नाही म्हणून आमच्याच कार्यालयात तो शब्द बदलला गेला. मग आलेले सगळे साहित्य त्या नजरेने वाचले. जुन्या आठवणी असोत की पाककृती, जिकडेतिकडे लिटर.

लिटरशी भांडण नाही. 1956च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, 1958पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली, हे चांगलेच झाले. त्याआधी शेर मुलखागणिक बदले. मुंबईचा जुना शेर सुमारे 318 ग्रॅमचा, तर 80 तोळ्यांचा प्रमाण शेर सुमारे 933 ग्रॅमचा. नाव एक, फरक जवळजवळ तिपटीचा. त्यात नाडले जाई ते गरीब गिऱ्हाईकच.

पण म्हणूनच अच्छेराचा अर्धा लिटर होत नाही. शेर मुळात वजनाचा. दूध-तेल त्याच नावाच्या मापांनी ओतून मिळे. शेराचा अर्धा तो अच्छेर, मग पावशेर, मग नवटाक, मग छटाक. दर पायरीला निम्मे. हा हिशेब पाटी-पेन्सिलीवाचून तोंडी होई. दारूबंदीच्या काळात हेच नवटाक मुंबईतल्या चोरट्या गुत्त्यांवरही बोलले गेले. पण गिरणगावातली बाई नवटाक तेल आणते, तेव्हा त्या शब्दात तिच्या गाठीला आज किती पैसे आहेत ते दिसते. 'सव्वाशे मिलिलिटर' लिहिले की तेल उरते, बाई जाते. आकडा बदलता येतो; त्यामागचा संसार बदलून लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे.

यंदाच्या अंकाचा विषय 'स्वयंपाकघर'. जिकडेतिकडे लिटर दिसल्यावर लेखकांना एवढेच सांगितले, की आजीने जे माप सांगितले तेच लिहा. त्यांनी लिहिले, आम्ही तसेच छापले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाचे तेल वाटीत ओतताना घरातल्या थोरांना विचारा, लहानपणी दुकानातून तेल किती आणत होता? जो शब्द तोंडून येईल तो आम्हाला कळवा. बदलू मात्र नका.

— संपादक